टाचेखालचा कपटा

अमरावतीच्या आखाड्यातले ते म्हातारे वस्ताद मला एकदाच भेटले. दुसऱ्या दिवशीच्या कबड्डी निवडीसाठी माझी मुलगी बैठका मारत होती आणि मी मोजत होतो. वस्ताद तिच्यामागे उकिडवे बसून टाचेखाली कागदाचा कपटा सरकवत आणि ती खाली गेली की हलकेच ओढत. टाच उचलली असेल, तर कपटा निघून येई.

"पन्नास झाल्या," मी म्हणालो.

"बारा," ते म्हणाले. "बाकीच्यांत टाच उचलली, सारा भार गुडघ्यावर. भाऊ, तुमी आकडे पाहून राहिले. यंदा निवडीले नका पाठवू तिले, गुडघा जाईन."

मी पाठवलं नाही. घरी परतताना अकोल्यापर्यंत बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही.

पुढं ती सहा वर्षं खेळली. परवा तिनं त्या वस्तादांचं नाव विचारलं. मी ते विचारलंच नव्हतं.