जॉर्ज टाउनच्या दुकानातलं पेन

माझा थोरला भाऊ, अण्णा, बहिरा होता. जन्मतः नव्हे. चार वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला, आणि तो उतरला तेव्हा ऐकू येणं बंद झालेलं होतं. मग बोलणंही हळूहळू आटत गेलं. मला आठवतो तो खुणांनी बोलणारा आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघणारा अण्णा. घरच्या तंजावरी मराठीपेक्षा त्याला तमिळ ओठ लवकर कळत, कारण त्याचा सगळा दिवस तमिळ माणसांत जायचा. मद्रासला जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत लाकूड कातण्याचा छोटा कारखाना होता, तिथे तो कामाला होता. खाटेचे पाय, लाटणी, रव्या, कुंकवाचे करंडे, लहान मुलांचे खुळखुळे, असं काय काय तिथे होई. शिसवीचे तुकडे उरले की मालक ते अण्णाला देऊन टाकी, आणि अण्णा त्यांची पेनं करी.

फार सुंदर पेनं असत ती. बाहेरून काळपट तपकिरी शिसवी, आत शाईसाठी एबोनाइटची नळी, टोपणाला पितळेची बारीक कडी. निब तेवढं तो बाजारातून आणायचा. पेन जपायचं कसं, हे त्याने मला माझे हात हातात घेऊन शिकवलं होतं. शाई नेहमी काठोकाठ भरायची, कारण अर्धं रिकामं पेन हाताच्या उबेने शाई ओकतं. धुवायचं ते नुसतं निब आणि नळी, गार पाण्याने. लाकूड भिजू द्यायचं नाही. आट्यांना मेण लावायचं, सावलीत वाळवायचं, आणि शेवटी तिळाच्या तेलाचं बोट फडक्याला पुसून त्या फडक्याने लाकूड चोळायचं. मद्रासची हवा लाकडाला वाईट. उन्हाळ्यात ते आक्रसतं, ऐप्पशीत, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात, फुगतं. ट्रिप्लिकेनच्या आमच्या दोन खोल्यांत आईची रवी, करंडा, अप्पांचं पेन, माझं पेन या सगळ्यांना तेल लावायचं काम माझंच होतं. मला ते आवडायचं.

अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबाला, साहेबाच्या जावयाला, शाळेच्या मुख्याध्यापकांना ते अण्णाची पेनं भेट देत. कुणी विचारलं, कुठून आणलं, तर म्हणत, "जॉर्ज टाउनात एक दुकान आहे." अण्णाचं नाव घेत नसत. आमच्या दोघी बहिणींची लग्नं व्हायची होती, आणि आमचा समाज एवढासा. घरात एक बहिरा आहे म्हटलं की रक्तातच काहीतरी आहे, असं धरून लोक चालू लागत.

आधी अक्काचं जमलं, तिरुच्चीचं घर. त्यांना सांगण्यात आलं की मुलगा तंजावरला काकांकडे असतो. मग लग्नात अण्णाचं काय करायचं? तोड आईने काढली. अण्णा आचाऱ्याच्या माणसांत मिसळला. कमरेला आखूड वेष्टी, उघडं अंग, खांद्यावर पंचा आणि हातात सांबाराची बादली. सख्ख्या बहिणीच्या पंगतीत तो वाढप्या झाला. अक्काच्या सासूने त्याला मागून दोनदा हाक मारली. तो पुढच्या पानाकडे सरकला. तशी ती ओरडली, "काय रे, बहिरा आहेस का?" पंगत हसली. लोक हसताना बघून अण्णाही हसला आणि तिच्या पानाकडे वळला. अक्का नवऱ्याशेजारी बसली होती. तिने मान खाली घातली आणि भात कालवत राहिली. अप्पा तिथेच उभे होते. तेही हसले. ते हसणं मी अप्पांना कधी माफ केलं नाही.

दोन वर्षांनी माझी पाळी आली. मुलाचे वडील मैलापूरला राहत आणि बंदराजवळच्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. मला बघायला आले, त्यांनाही मुलगा तंजावरला असल्याचं सांगितलं गेलं, पसंती झाली, अप्पांनी त्यांच्या हातात नवं शिसवी पेन ठेवलं आणि दुकानाचं नेहमीचं वाक्य म्हटलं. मग म्हणाले, "कसं वापरायचं ते माझी मुलगी सांगेल." मी सगळं नीट सांगितलं. शाई भरलेली ठेवा, गरम पाणी लावू नका, उन्हात ठेवू नका. ते गृहस्थ मोठ्याने हसले. "पेन आहे की तान्हं मूल?"

मुहूर्त ठरायचा होता. एका रविवारी सकाळी ते गृहस्थ न कळवताच दारात उभे राहिले. अण्णा घरी होता. आईने त्याला खुणेने मागे विहिरीकडे पाठवलं. तिथे लपायची त्याला सवयच झाली होती. पाहुण्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पेन काढून अप्पांपुढे ठेवलं. लाकडाला उभी चीर गेली होती.

"शाई गळून नवा शर्ट गेला," ते म्हणाले. "म्हटलं, दुकानदाराला जाब विचारू. जेवणाच्या सुट्टीत सगळं जॉर्ज टाउन पालथं घातलं. असं पेन विकणारं एकही दुकान नाही. कुठल्या गल्लीत आहे तुमचं दुकान?"

अप्पा म्हणाले, "बंद झालं असेल."

"मग शेजारचे तरी सांगतील की. गल्ली कुठली?"

"म्हणजे, मी स्वतः गेलो नव्हतो. एका ओळखीच्याने आणून दिलं."

"त्या दिवशी दुकान म्हणालात, आज ओळखीचा म्हणता," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "आणखी काय काय असंच सांगितलंय आम्हांला?"

मी कॉफीचा टंबलर घेऊन दारात उभी होते. अप्पा पुन्हा हसले, पंगतीत हसले होते तसंच. मी कॉफी खाली ठेवली आणि पेन उचललं.

"गरम पाण्यात ठेवलं होतंत का?"

"शाई सुकली होती, म्हणून."

"लाकूड फुगून फुटलंय. माझा अण्णा नीट करून देईल. त्यानेच केलंय हे."

"तो तंजावरला ना?"

"मागे विहिरीपाशी बसलाय. त्याला ऐकू येत नाही. बोलावते."

आईने माझा हात धरला, तो मी सोडवला. अण्णाला काहीच ठाऊक नव्हतं. तो वेष्टीला हात पुसत बाहेर आला आणि आधी पेनच त्याच्या डोळ्यांत भरलं. त्याने ते उजेडात धरलं, चिरेवरून नख फिरवलं, मग पाहुण्यांकडे बघून मान हलवली आणि चार बोटं दाखवली. चार दिवसांत होईल. ते गृहस्थ पेनाकडे बघतच नव्हते. ते अण्णाच्या कानांकडे बघत होते.

"जन्मापासून?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"नाही हो, नाही. तापाने झालं. चार वर्षांचा होता."

"सगळे तसंच सांगतात," ते म्हणाले, आणि कॉफी न घेता उठले. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाहीत.

मध्यस्थाचे नातेवाईक तिरुच्चीला होते, त्यामुळे बातमी अक्काच्या सासरी पोचायला वेळ लागला नाही. अक्काला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला त्यांनी तिला माहेरी पाठवलं नाही. मूल झाल्यावर सासू दिवसातून कितीतरी वेळा पाळण्यामागे जाऊन टाळ्या वाजवून बघे. मूल दचकलं की म्हणे, "आज तरी ऐकतंय." हे अक्काने मला पुढे कधीतरी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "तुला तेवढा वेळ तोंड बंद ठेवता आलं नाही?"

मी म्हटलं, "तू पंगतीत ठेवलंस की."

त्यानंतर आम्ही दोघी नीट बोललो नाही.

अप्पा म्हणाले, "एका फुटक्या पेनापायी दोन्ही पोरींचं वाटोळं केलंस." आईने माझ्याशी बोलणंच टाकलं. एवढं मी धरून चालले होते. अण्णा माझ्या बाजूने असेल, असंही मी धरून चालले होते.

मध्यस्थाचा निरोप आला त्या रात्री त्याने मला खुणेने विचारलं, कोणी सांगितलं? मी छातीवर हात ठेवला. त्याने कपाळावर तळवा मारला. मग माझ्या गळ्याभोवती बोटाने मंगळसूत्राची रेघ काढली आणि हात हवेत झटकला. गेलं. मी त्याला पंगतीची आठवण करून दिली, बादली, हाका, हसणं. त्याने तोंड फिरवलं. खुणांनी बोलणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं की बोलणं संपतंच. दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यातच झोपू लागला. फुटलेल्या पेनाला त्याने चिरेवर पितळेची कडी बसवली, शेजारच्या मुलाच्या हाती ते घरी पाठवलं, आणि स्वतः आला नाही.

माझं लग्न पुढे झालंच नाही. अप्पांनी आणखी दोन-तीन ठिकाणी खटपट केली, पण आम्ही तोंड उघडायच्या आधीच आमची हकीकत तिथे पोचलेली असे. मी शिक्षिका झाले. कडी बसवलेल्या त्या पेनाने शाळेत हजेरी मांडत असे. बाकीच्या बायका बॉलपेन वापरू लागल्या तरी मी शाई भरत राहिले.

अण्णाने लग्न केल्याचं आम्हांला बाहेरून कळलं. मुलगी कारखान्याच्या मालकाची भाची, तमिळ, ऐकू-बोलू शकणारी. अप्पा म्हणाले, "आमच्या लेखी तो गेला." मी मात्र त्याचा वॉशरमनपेटमधला पत्ता काढून एका दुपारी गेले. अण्णा कामावर होता. वहिनीने पाट दिला, ताक दिलं. ताक घुसळायची रवी अण्णाच्या हातची, तेल लावून लखलखीत ठेवलेली. वहिनी माझ्याशी तमिळमध्ये बोलत होती, आणि फार अदबीने बोलत होती.

"ते तुमच्याबद्दल सांगतात," ती म्हणाली.

"काय सांगतात?"

"रागावू नका. ते म्हणतात, ‘मला लपवायचं हे मी कबूल केलं होतं. दोघी बहिणी नांदायला गेल्या की मी सुटलो असतो. मी सगळं गिळलं होतं, आणि तिने ते सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मला विचारलं नाही.’"

"त्याला अपमान वाटत नव्हता?" मी विचारलं.

"वाटायचा की. पण तो त्यांचा स्वतःचा होता," ती म्हणाली.

मी ताक संपवलं. अण्णा संध्याकाळी येईल, थांबा, असं ती म्हणाली. मी थांबले नाही. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो रविवार पुन्हा आला आणि अप्पा तसेच हसले, तर मी पुन्हा तेच बोलेन. पण त्या दिवशी बसच्या थांब्यावर उभी असताना मला अप्पांचा आला नसेल एवढा राग अण्णाचा आला. ज्याच्यासाठी बोलले त्यालाच ते नको होतं, आणि हे त्याने मला स्वतः सांगितलंसुद्धा नाही. बस आली, भरून आली होती, आणि मी दांडीला धरून ट्रिप्लिकेनपर्यंत उभीच गेले.