ठिणगीमिस्त्रींच्या खिशातली किल्ली

ठिणगीमिस्त्री गाडी बघायचेच नाहीत, ऐकायचे. गिऱ्हाईक अजून वळणावर असायचं आणि हे बाकावर बसल्या बसल्या सांगून मोकळे, ‘‘तिसरा प्लग काळा पडलाय.’’ प्लग काढून बघावा तर खरोखर काजळी! कसल्याही थंडगार इंजिनात ठिणगी पाडायचे, म्हणून ते नाव. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

आमच्या नाटक कंपनीच्या गाड्या तेच सांभाळायचे. मी रंगमंचावर राणी, आणि विंगेत तेलकट शर्टातले हे. माझे संवाद त्यांना तोंडपाठ. एकदा मी अडखळले, तर प्रॉम्प्टरच्या आधी यांनीच वाक्य पुरवलं. वर म्हणाले, ‘‘बाई, तुमचं मिसफायरिंग मला लगेच कळतं.’’ कंपनी मिटली तेव्हा तिची जुनी निळी मोटार माझ्याकडे आली. गाडीबरोबर मिस्त्रीही आले, असंच म्हणायचं.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, मखमली पडदा सावकाश उतरावा तसे. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. फक्त काम संपत आलं की ते गिऱ्हाइकाकडे पेलाभर पाणी मागायला लागले. लोकांना वाटे, म्हातारा दमला, तहान लागली.

पण एके दिवशी त्यांचा हात इंजिनात असताना गिऱ्हाइकाने गाडी सुरू केली. यांना ऐकू आलं नाही. पंख्याने डाव्या तर्जनीचं टोक नेलं. त्यांची लेक शाळेत मुख्याध्यापिका. तिने एका वाक्यात निकाल दिला, ‘‘मावशींच्या गाडीचं काम करा, बाबा, आणि मग शटर खाली.’’

‘‘बरं,’’ मिस्त्री म्हणाले. आयुष्यभर प्रत्येकाशी हुज्जत घातलेला माणूस नुसतं ‘बरं’ म्हणाला. चाळीस वर्षं ते शटर वर ढकलूनच त्यांचा दिवस उजाडत होता.

ते शेवटचं काम म्हणजे माझ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर बदलणं. चार सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारं हे यंत्र. कुणाची एंट्री कधी, ते हेच ठरवतं. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. जुन्याचा दांडा झिजून डगडगायला लागला होता, त्यामुळे चौघेही भलत्याच वेळी विंगेतून बाहेर पडत होते आणि गाडी चढावर खोकत होती.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी त्याची टोपी उघडली. आतला काटा कुठे रोखलाय, तिथे खडूने खूण केली. ‘‘बाई, आता इंजिन केसभरही फिरता कामा नये. फिरलं की ही खूण खोटी.’’ गाडीची किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली, जुना डिस्ट्रिब्युटर उपसला आणि नवा पुसायला मागच्या टेबलाशी गेले. लेक चहा सांगायला बाहेर पडली.

इतक्यात रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. माझ्या गाडीची शेपटी बाहेर होती. ‘‘ओ आजी, घ्या की आत! का इथेच मुक्काम करू?’’ ड्रायव्हर ओरडला.

तिसरी घंटा झाली की पाय आपोआप रंगमंचाकडे वळतात, तसंच झालं. पर्समधून दुसरी किल्ली निघाली, मी गाडीत बसले आणि फिरवली. घर्र, घर्र, घर्र! कौलांवरची कबुतरं उडाली. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला: इंजिन फिरलं, खूण खोटी!

ट्रकवाला वैतागून मागे गेला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. दहा पावलांवर पाठमोरे उभे होते, फुंकर मारून धूळ उडवत होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती.

लेक चहा घेऊन परत आली आणि मिस्त्री नवा डिस्ट्रिब्युटर घेऊन त्या खोट्या खुणेवर वाकले. गप्प राहावं, तर गाडी सुरू होणार नाही आणि लेकीला वाटेल, आता हातही गेले. सांगावं, तर ओरडून सांगावं लागेल, आणि एवढा आवाजही यांना ऐकू आला नाही हे तिला कळेल. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेली बाई मी, पण एका बहिऱ्या माणसाला गुपित कसं सांगायचं?

लेकीच्या पाठीमागे उभी राहून मी मूकाभिनय सुरू केला. हवेत किल्ली फिरवली, अंग गदागदा हलवलं, मग चुकलं म्हणून कान पकडले. मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या कानांवर बोलतेय! पुन्हा किल्ली, पुन्हा इंजिन.

‘‘मावशी, अंगात आलंय का तुमच्या?’’ लेकीने वळून विचारलं.

पण मिस्त्रींना कळलं होतं. ते हसले आणि स्वतःच म्हणाले, ‘‘बाईंनी स्टार्टर मारला. मी इथेच होतो. मला ऐकू आलं नाही.’’

‘‘आणि हात आत असता तर?’’

‘‘गेला असता. तुझंच खरं आहे, पोरी. पण हे बसवू दे. मग शटर तूच ओढ.’’

त्यांनी पहिला प्लग काढला आणि त्या भोकावर उजवा अंगठा दाबून धरला. लेकीच्या हातात पाना दिला. ‘‘इंजिनाच्या पुढच्या पुलीचा नट फिरव. हळू.’’ तिने बाह्या दुमडल्या. मिस्त्रींनी डोळे मिटले. ‘‘अजून... अजून... थांब! आता इकडे ये, तुझा अंगठा ठेव.’’

या खेपेला त्यांनी स्वतः पाना धरून पुन्हा दोन पूर्ण फेरे दिले. लेक एकदम ओरडली, ‘‘बाबा, हवा अंगठा ढकलतेय!’’

तिचं तोंड बघूनच त्यांना कळलं. ‘‘हवा दाबली गेली, म्हणजे पहिल्याची एंट्री आली,’’ ते म्हणाले. मग पुलीवरची खूण जुळवली, काटा पहिल्या वायरीकडे केला आणि नवा डिस्ट्रिब्युटर अलगद आत सरकवला. टोपी, वायरी, प्लग सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी किल्ली लेकीला दिली. दुसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली.

‘‘बाई, पाणी.’’

पेला त्यांनी चालू इंजिनावर ठेवला. पाण्यावर वलयं नाचत होती. ते डिस्ट्रिब्युटर इकडे सूतभर, तिकडे सूतभर फिरवत राहिले. वलयं विरत गेली, नुसता बारीक शहारा उरला. तिथे त्यांनी बोल्ट आवळला आणि पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

लेक बघतच राहिली. ‘‘म्हणजे इतके दिवस ते पाणी...’’

‘‘तहान नसते गं मला.’’

तिने गाडी बंद केली, उतरली आणि माझ्यापुढे हात पसरला. ‘‘मावशी, ती दुसरी किल्ली.’’ मी मुकाट्याने दिली. दोन्ही किल्ल्या तिने बापाच्या खिशात टाकल्या, खिशाचं बटण लावलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन शाळेच्या मैदानावरच्या आवाजात बजावलं, ‘‘हात आत, तर सगळ्या किल्ल्या इथे! आधी गिऱ्हाइकाची झडती घ्यायची. एक जरी बाहेर दिसली, तर शटर मी ओढणार!’’

‘‘बरं,’’ मिस्त्री म्हणाले, आणि लगेच हुज्जत घातली, ‘‘पण झडती बाईंची आधी.’’

संध्याकाळी निघताना त्यांनी मला एक किल्ली परत दिली. दुसरी मागितली, तर ते नेमकं त्यांना ऐकू आलं नाही.