सेन्सॉरबाईंचा मंगळवारचा भाग

डायलिसिसच्या हॉलमध्ये पाच मशीन, पाच पलंग आणि भिंतीवर एक टीव्ही. त्या टीव्हीचा रिमोट ज्या बाईंच्या एप्रनच्या खिशात असायचा, त्यांना सगळे पेशंट सेन्सॉरबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्याही ओ देत. एकवीस वर्षं त्या इथे टेक्निशियन होत्या. पेशंटच्या हातात दोन सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर येणार, मशीनमधून धुऊन निघणार आणि दुसरीतून परत आत जाणार. चार तास, आठवड्यातून तीनदा. किडनी बंद पडलेल्या माणसाला यातून सुट्टी नाही. सुई घालण्याआधी बाई मशीनला हात टेकवून तोच हात कपाळाला लावायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या सिनेमाबद्दल.

त्यांचे वडील एका थिएटरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायचे. शाळा सुटली की पोरगी दप्तरासकट बाजूच्या पायरीवर येऊन बसायची, तोवर सिनेमा निम्मा झालेला असायचा. त्यामुळे लहानपणी त्यांनी पाहिलेले बहुतेक सिनेमे मधूनच पाहिलेले, पण तोच सिनेमा पंधरा पंधरा वेळा. घरी जाताना वडील विचारायचे, "आज काय पटलं नाही?" काय आवडलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. आवडलेलं आपोआप लक्षात राहतं, म्हणायचे.

तेव्हापासून बाईंना पटेनासं झालं ते झालंच. शंभर गोळ्या झाडल्या तरी नायकाला एकच लागते, तीही दंडाला, आणि पुढच्या गाण्यात तोच हात वर करून तो नाचतो. मालिकेतल्या सासूबाई झोपेतून उठतात त्या लिपस्टिक लावूनच. एक थोबाडीत मारायला त्यांना सोमवार ते बुधवार लागतो, कारण ती तीन बाजूंनी दाखवायची असते. "एवढ्या भांडणांच्या घरात भांडी घासतं कोण?" बाई विचारायच्या. "एकीच्या तरी हाताला राख लागलेली दाखवा."

कुणाला वाटेल, यांना फक्त गंभीर सिनेमा चालत असेल. तेही नाही. एका बक्षीस मिळालेल्या सिनेमाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की कॅमेरा अकरा मिनिटं भिंतीकडे बघत बसला म्हणून मीही बसले. भिंतीला काही झालं नाही, मला झालं.

मनापासून आवडलेला सिनेमा एकच. त्यात नावाड्याची बायको नवरा बुडाल्यावर रडत नाही, नुसती नावेचा दोर खुंटाला बांधत राहते, एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. मागे संगीत नाही. "वाजवलं नाही म्हणून मला रडता आलं," बाई म्हणायच्या. "नाहीतर आपल्या वाटचं रडणं ते व्हायोलिनवालेच रडून घेतात."

आणि डोक्यात सगळ्यात जास्त तिडीक जायची ती दवाखान्याच्या दृश्यांनी. ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर. सलाईनची बाटली टांगलेली, पण नळी चिमटीने बंद. पडद्यावरची रेघ सरळ झाली की प्रियकराने एक हाक मारायची, लगेच रेघ वरखाली. घरी नवरा म्हणायचा, "अगं, मालिका आहे ती. सोडून दे ना." मुलगी कानात इअरफोन घालायची. "मालिका आहे ती," या वाक्याने बाईंचं डोकं जेवढं उठायचं, तेवढं त्या मालिकेनेही उठत नसे. जेवत बसलेल्या लाखभर लोकांना तुम्ही रोज काहीतरी सांगता, ते धड सांगायला नको? एवढंच त्यांचं म्हणणं. पण हे ऐकून घ्यायला घरी कुणाला वेळ नव्हता.

ऐकून घेणारी माणसं हॉलमध्ये होती. चार तास एका जागी पडलेली, हातात सुया असलेली, उठून जाता न येणारी. "आम्ही तुमचे हक्काचे प्रेक्षक," दुसऱ्या पलंगावरचे मास्तर म्हणायचे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि बाईंना टोचायची संधी सोडायचे नाहीत. चौथ्या पलंगावर मावशी. मावशींनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले होते, बोटं अजून कापड चाचपत असल्यासारखी चादरीच्या काठावर फिरायची. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली होती. घरचा टीव्ही मुलाच्या खोलीत होता आणि त्या खोलीचं दार बंद असायचं.

दुपारी दोनला टीव्हीवर एक मालिका लागायची. मावशींची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे तेवढेच भाग त्यांना दिसायचे. मधले भाग बाईंनी सांगायचे, असा रिवाजच पडला होता. बाई नुसतं सांगत नसत. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, कॅमेरा कसा तीनदा आदळतो तेही मान झटकून दाखवायच्या, आणि दर दोन वाक्यांनी आपलं मत. मास्तर म्हणायचे, "मूळ भागापेक्षा मंगळवार बरा असतो."

त्या मालिकेतल्या आईच्या दोन्ही किडन्या तीन महिन्यांपूर्वी निकामी झाल्या. आपलं दुखणं टीव्हीवर आलं, याचं पेशंटांना केवढं कौतुक. मावशी तर त्या आईला 'आमच्यातली' म्हणायला लागल्या. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी पाहिलं होतं: पलंगाशेजारचं मशीन बंद होतं. पडदा काळा, आणि प्लगची वायर खाली फरशीवर गुंडाळून ठेवलेली. हे त्यांनी मास्तरांना हळूच सांगितलं. मावशींचा चेहरा बघून मावशींना सांगितलं नाही.

मग तो मंगळवार आला. मालिकेतल्या आईने हातातल्या सुया स्वतःच उपटल्या, चालत घरी गेली, देवासमोर बसली. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि त्यांच्या हातून चष्मा पडला.

बुधवारी बाईंनी हा भाग सांगितला तो संतापून, आणि संतापल्या की त्या जास्तच रंगात यायच्या. "सुया अशा उपटल्या, जशा कपड्यातल्या टाचण्या. रक्ताचा एक थेंब नाही. मी सुई काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरते, ती काय हौस म्हणून? आणि बाई चालली तरातरा, केसात फूल. रिपोर्ट कुणी काढला, रक्त कधी घेतलं, काही नाही. डॉक्टर चष्मा पाडून मोकळा."

मास्तर हसून हसून हलले आणि त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. बाई तिकडे धावल्या. मागून मावशींनी विचारलं, "मग ती बरी झाली?"

"झाली की," मास्तरांची नळी सरळ करत बाई म्हणाल्या. "मालिकेत सगळे होतात."

दोन वाजता त्या दिवसाचा भाग लागला. त्यात आई घरभर फिरत होती, पायऱ्या चढत होती. मावशींनी पापणी न लववता पाहिला.

शुक्रवारी चौथा पलंग रिकामा राहिला. बाईंनी फोन लावला. मुलगा म्हणाला, "आईला बरं वाटतंय. सोमवारी बघू म्हणते."

"सोमवार म्हणजे पाच दिवस होतात. सुई काढल्यापासून पाच दिवस. अंगात पाणी साठेल, पोटॅशियम चढेल. हृदयावर येतं ते."

"मी सांगितलं हो. ऐकत नाही. देवासमोर बसून आहे." मग जरा थांबून म्हणाला, "ती म्हणते, तुम्हीच सांगितलंत. ती टीव्हीतली बाई बरी झाली म्हणून."

बाईंनी फोन ठेवला. एकवीस वर्षं आपण घसा कोरडा करतोय की लोक यावर विश्वास ठेवतात, आणि ज्या भागाची आपण एवढी टर उडवली, तो मावशींनी उचलला आपल्याच तोंडून. आपण इतकं रंगवून सांगितलं, की टर बाजूला राहिली आणि गोष्ट तेवढी उरली. मालिकेवर राग होताच. पण तो कुणावर काढायचा हे निदान माहीत होतं. हा दुसरा राग कुठे ठेवायचा ते कळेना.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण ती तर मालिका..." आणि पुढचं वाक्य त्याने स्वतःच गिळलं.

शनिवारी बाईंनी डॉक्टरांना विचारून पाच वाजताचं एक मशीन राखून ठेवलं आणि दुपारची पाळी दुसरीला देऊन त्या मावशींच्या घरी गेल्या. मुलाने दार उघडलं. आतल्या छोट्या खोलीत मावशी देवाच्या फळीसमोर खुर्चीवर बसल्या होत्या. पाय इतके सुजले होते की चपलेत मावले नसते. आडवं झालं की धाप लागते म्हणून सगळी रात्र खुर्चीतच बसून काढली होती.

बाईंनी आधी देवाला हात जोडले, मग मावशींच्या पायाच्या घोट्याशी बोट दाबलं. खळगा पडला तो भरून येईना.

"चला," त्या म्हणाल्या.

"तुमचा विश्वास नाही," मावशी म्हणाल्या. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "तुम्ही हसत होतात. देवाला हसू नये, बाई."

"मी देवाला हसत नव्हते. त्या डॉक्टरच्या चष्म्याला हसत होते."

"एकच झालं."

"नाही झालं. रोज सुई घालताना मी काय करते, बघता ना तुम्ही?"

मावशींनी हातावरच्या सुईच्या खुणेवरून बोट फिरवलं. बघत होत्या त्या.

"मग देवाला काय वाटत असेल? मी मशीन सुरू ठेवते ते त्याला चालत असेल, की ते बंद पडावं म्हणून तो वाट बघतोय?"

"ती बरी झाली ना पण," मावशी हट्टाने म्हणाल्या. "तिलाही हेच झालं होतं."

बाई खाली जमिनीवर बसल्या. एखादा भाग सांगायचा म्हणजे त्यांचे हात आपोआप उठायचे, ते त्यांनी मांडीवर ठेवले. "मावशी, त्या बाईचं मशीन कधी चालूच नव्हतं. पहिल्या दिवसापासून. पडदा काळा होता, प्लग भिंतीत नव्हता, वायर खाली गुंडाळून ठेवलेली. मी त्याच दिवशी पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तिला आमच्यातली म्हणालात. ते माझं चुकलं."

"वायर गुंडाळलेली?"

"रबर लावून. दुकानातून आणल्यासारखी."

मावशींची बोटं पदराच्या काठावर फिरायला लागली. मग म्हणाल्या, "गॅदरिंगसाठी आम्ही शिवायचो. शिपायाचा कोट. त्याला खिसा म्हणून नुसतं कापड वरून टाचायचं. लांबून दिसायला खिसा. आत हात जात नाही."

"तसंच."

"म्हणजे ती बाई आजारीच नव्हती."

"एक दिवससुद्धा नाही."

मावशींनी देवाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "माझ्या चपला नको," त्या म्हणाल्या. "त्या नाही जाणार. तुझ्या बायकोच्या दे."

रिक्षाने दोघी पाचच्या आत दवाखान्यात पोचल्या. वजनकाट्यावर मावशी साडेचार किलो जास्त भरल्या. डॉक्टर बाईंकडे बघून म्हणाले, "उद्यावर गेलं असतं तर अवघड होतं." बाईंनी मशीनला हात टेकवला, कपाळाला लावला आणि सुई घातली. त्या दिवशी टीव्ही बंदच होता.

रविवारी बाईंनी चॅनेलला चार पानी पत्र लिहिलं. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने, वर दिनांक, खाली आपली विश्वासू. प्लगपासून फुलापर्यंत सगळं लिहिलं, आणि मावशींचं नाव न घेता त्यांचं काय झालं तेही. बारा दिवसांनी छापील कार्ड आलं. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार. पाहत राहा.' मास्तरांनी ते मागून घेतलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एक प्लग काढून दिला. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी ते एप्रनच्या खिशात ठेवलं.

त्यानंतर त्यांनी मधले भाग सांगणं बंद केलं. मालिकेतली आई आता घरात कुणाचं तरी लग्न ठरवत होती, किडनीचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं, आणि हे बघून बाईंच्या जिभेवर इतकं काही साठत होतं की घरी त्या भांडी आदळत होत्या. बुधवारी मावशींनी विचारलं, "काल काय झालं?"

"काही नाही झालं."

"असं कसं? बावीस मिनिटं दाखवतात. बावीस मिनिटांत काहीच नाही?"

"मावशी, मी नाही सांगणार आता."

"म्हणजे आजचं मला काही कळणार नाही," मावशी म्हणाल्या. "आजारी मी, आणि शिक्षा पण मलाच." मास्तरांनी वर्तमानपत्रामागून "खरं आहे," एवढंच म्हटलं.

बाईंनी मावशींच्या मशीनचं प्रेशर पाहिलं. वजनाचा कागद पाहिला. दीड किलोच जास्त, चांगलं होतं. मग स्टूल ओढून पलंगाशेजारी बसल्या.

"आधीच सांगते, सगळं खोटं आहे."

"ते कळलं हो मला. पुढे बोला."

"तर ती सून जिन्यावर उभी," बाई म्हणाल्या, आणि हात उचलायच्या आधी त्यांनी एकदा मशीनच्या मागे वाकून प्लग पाहिला. "जिन्यावर उभी आहे, पण तिच्या हातात..."