न मोजलेलं ऊन

वामनरावांसमोर विजेचा विषय काढायचा असेल तर हातातली कामं आधी उरकून घ्यावीत, हे धरमपेठेतल्या त्या चार मजली इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. वीजकेंद्रात बॉयलरवर उभी हयात घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर लोकांना देव आठवतो, यांना स्टीमचं प्रेशर आठवायचं. सकाळी कुलरमध्ये पाणी भरून बटन दाबलं, की ते क्षणभर कान देऊन पंख्याचा आवाज ऐकायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "आज व्होल्टेज कमी हाय." पुष्पलताबाई "हो का" म्हणून पोळी उलटायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या व्होल्टेजच्या बाजूनंही कधी बोलल्या नव्हत्या आणि विरोधातही नाही.

विजेचं हे वेड गावाकडून आलेलं. नरखेड तालुक्यात त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. विहिरीवरच्या मोटारीला वीज यायची ती भलत्याच वेळी, म्हणून घरातली सगळी माणसं अर्धवट झोपेत पाणी वळवायला जायची. विजेनं जरा माणसात यावं, एवढीच त्या घराची मागणी होती. वामनराव शिकले आणि वीज निघते त्या जागीच जाऊन बसले. कोळशानं त्यांना नोकरी दिली, घर दिलं, मुलाचं शिक्षण केलं. कोळशाला कोणी नावं ठेवली की त्यांना घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागायचं.

दिवाळी झाली आणि इमारतीत सोलरची टूम निघाली. सेक्रेटरी मिनल, बँकेत नोकरी करणारी तरतरीत बाई, तिनं खालच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सगळ्यांना बोलावलं आणि ती थेट वामनरावांकडे वळली. "काका, आमच्यापैकी कोणाला यातलं काही समजत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

वामनरावांची छाती दोन इंच वर आली. ते उठून उभे राहिले.

"पहिले हे समजून घ्या, की फुकटची वीज कुठंच नसते," ते म्हणाले. "कोळसा कधीबी बोलवा, येते. अर्ध्या रात्री सगळ्याइनं कुलर लावले तरी नाही म्हणत नाही. पण राख सोडते, हवा खराब करते. मी ते राख खाल्ली हाय, मले कोणी सांगाची गरज नाही. पाण्याची वीज गुणाची, बटन दाबलं का सुरू. पण धरणात कोणाचं तरी गाव जाते, अन् पाऊस रुसला त बसा. अणूची वीज दमदार, धूर नाही काही नाही. पण बांधाले वर्षं लागते, अन् आपल्या घराजवळ पाहिजे का म्हणून विचारा, एकबी हात वर नाही येत."

"आणि वारा?" मागून कोणीतरी विचारलं.

"इथं मे महिन्यात झाडाचं पान हालत नाही, अन् पवनचक्की कोण फिरवन?"

लोक हसले. वामनराव हसले नाहीत, कारण आता त्यांना अवघड गोष्ट बोलायची होती. "राहिलं ऊन. ते आपल्याले न मागता भेटते, नागपुरात त जास्तच भेटते. पण दिवस बुडाला का त्याची ड्युटी खतम. ढग आले का सुट्टी. पुढं घरोघरी एसी येतीन, गाड्या घरीच चार्ज होतीन, तवा एकट्या कोणाच्याच भरवशावर नाही भागणार. दिवसा ऊन, रात्री कोळसा, असंच काही वर्षं चालन. म्हणून माह्यं मत असं, की लावा सोलर. गच्चीच्या दक्षिणेकडे लावा, तिथं सावली पडत नाही."

जन्मभर कोळसा जाळलेल्या माणसानं उन्हाची शिफारस केली, याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं. टाळ्या पडल्या. वामनराव जिना चढताना कठड्याला हातसुद्धा न लावता वर गेले.

पुष्पलताबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठं बसवून राहिले?"

"दक्षिणेकडं. बाकी कुठं ऊन हाय?"

विळीवरचा हात थांबला. गच्चीचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे पुष्पलताबाईंचं राज्य होतं. गुढीपाडवा झाला की त्या गहू भिजवायच्या, वाटून त्याचा चीक काढायच्या, पहाटे मोठ्या गंजात तो शिजवायच्या आणि उन्हं वर यायच्या आत जुन्या सुती साड्यांवर कुरडया घालायच्या. तळमजल्यावरच्या अंजनाबाई सोऱ्या फिरवायला यायच्या. मग मूगवड्या, मग पापड, शेवटी भिवापूरहून आणलेली मिरची. महिनाभर गच्चीवर बायकांच्या गप्पा नि चहा. आणि हे सुख त्यांना उशिरा मिळालं होतं. वीजकेंद्राच्या कॉलनीत होत्या तोवर वाळवणावर राखेचा बारीक थर बसायचा, पांढऱ्या कुरडया करड्या निघायच्या. हा फ्लॅट बघायला आल्या तेव्हा पुष्पलताबाई खोल्या बघायच्या आधी गच्चीवर गेल्या होत्या. हे वामनरावांना माहीत होतं. नेमकं बोलायच्या वेळी आठवलं नव्हतं.

"तुमी सगळ्या दुनियेचं मोजलं," पुष्पलताबाई म्हणाल्या. "कोळशाचं मोजलं, धरणाचं मोजलं. माह्या उन्हाचं नाही मोजलं."

"अवं, उत्तरेकडं जागा हाय ना."

"तिथं टाकीची सावली, अन् बाजूच्या टॉवरची. कुरडई सावलीत आंबते."

त्यांनी पुन्हा वांगी चिरायला घेतली. भांडल्या असत्या तर वामनराव हरायला तयार होते. त्या भांडल्या नाहीत, आणि टाळ्या ताज्या होत्या, त्यामुळे त्यांनाही खाली जाऊन शब्द फिरवायची हिंमत झाली नाही.

थंडी संपता संपता तीन ओळींत पॅनल बसले. वीज होऊ लागली, सगळे खूश झाले. पाडवा आला आणि गेला, पण पुष्पलताबाईंनी गहू भिजवला नाही. कपाळावर आठी नाही, बोलण्यात खोच नाही. चहा वेळेवर, भाजीत मीठ बरोबर. एका रविवारी पुण्याहून मुलाचा, सौरवचा फोन आला. "आई, कुरडया कधी पाठवतेस?" पुष्पलताबाई शांतपणे म्हणाल्या, "यंदा विकतच्या घे बाळा, तिकडं चांगल्या भेटतात म्हणे."

वामनरावांनी ते ऐकलं. विकतची कुरडई ही बाई शेजारणीच्या ताटातसुद्धा ओळखायची. ते उठले आणि भर दुपारी गच्चीवर जाऊन पॅनलसमोर उभे राहिले. सहज काचेवर हात ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. हात चोळत ते तिथंच थोडा वेळ उभे होते. मग भराभर खाली आले.

"अवं, गहू भिजू घाल."

"काहून?"

"मी सांगून राहिलो म्हणून."

"तुमी सांगितलं म्हणूनच त बंद हाय."

वामनराव खुर्चीत बसले. बॉयलरवर त्यांनी साहेबांशीही वाद घातले होते, इथं मात्र घातला नाही. "चुकलंच माह्यं," ते शेवटी म्हणाले. "सगळ्याइनं मले विचारलं, अन् मी तुले विचारलं नाही. आता एक कल्पना हाय. ते काच तव्यावाणी तापते. शेवटच्या ओळीवर साडी अंथरू. दोन दिवसांचं काम एका दिवसात होते का नाही, पाहा."

पुष्पलताबाई नवऱ्याकडे वळल्या. "तिरप्या पाट्यावरून घसरल्या त?"

"साडीचे कोपरे बांधू ना. मी कशाले हावो?"

गहू भिजला. ठरल्या पहाटे चीक शिजला, अंजनाबाई सोऱ्या घेऊन आल्या. जमिनीवर साडी पसरून कुरडया घातल्या आणि भरलेली साडी चारी बाजूंनी ताणून धरून पॅनलवर नेली. वामनरावांनी सुतळीनं कोपरे बांधले. अशा पाच साड्या झाल्या, शेवटची ओळ पूर्ण झाकली गेली. तीन ओळींतली एक बंद पडली तर कोणाला कळणार आहे, असा त्यांचा हिशोब होता. वीजकेंद्रात एवढीशी तूट वरपर्यंत कळायला दुपार व्हायची, तीही कोणी कळवली तर.

पण हे सोलर चुगलखोर निघालं. त्यानं परस्पर मिनलच्या मोबाईलवर कळवलं, की आज वीज कमी होते आहे. काही बिघाड झाला असं वाटून ती बँकेतून जेवणाच्या सुट्टीत धावत आली, दोघातिघांना घेऊन गच्चीवर चढली आणि दारातच थांबली. पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरलेली ओळ, शेजारी टोपी घालून राखणीला बसलेले वामनराव, पलीकडे पुष्पलताबाई आणि अंजनाबाई.

"काका, तुम्ही?"

वामनराव उभे राहिले. पार्किंगमधल्या टाळ्या त्यांना आठवल्या आणि कान गरम झाले. "मीच," ते म्हणाले. "बिघाड नाही. वाळवण हाय."

अंजनाबाईंनी वेळ घालवला नाही. त्यांनी एक कुरडई उचलून मिनलच्या हातात दिली. सकाळची ओली कुरडई दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच कडक झाली होती. मिनलनं ती मोडली, कट्कन आवाज आला. तिनं तुकडा तोंडात टाकला आणि ती पुष्पलताबाईंकडे बघून हसू लागली. "काकू, माझ्या सासूबाई दरवर्षी अमरावतीहून पाठवायच्या. आता होत नाही त्यांच्यानं. माझ्यापण घालाल?" मागच्या बाईनं पापडांचं विचारलं. कोणीतरी वड्यांचं काढलं.

"थांबा, थांबा," मिनल म्हणाली. "असं ज्याला वाटेल तो झाकेल तर कसं व्हायचं? नियम करू. वर्षातून किती दिवस आणि किती ओळी? काका, यातलं तुम्हालाच समजते. तुम्ही सांगा."

सगळे वामनरावांकडे वळले. उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. एका ओळीला किती ऊन लागतं, किती वीज जाते, सगळं बसल्या बसल्या काढून झालं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि पलीकडे कुरडया उलटवत असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मले नका विचारू," ते म्हणाले. "ते ऊन तिचं होतं. तिले विचारा."

पुष्पलताबाईंना इमारतीच्या मीटिंगमध्ये कोणी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी पदरानं हात पुसले, तिन्ही ओळींवरून नजर फिरवली आणि त्या सावकाश बोलल्या. "एकच ओळ घ्याची. चैत्रातले आठ दिवस, सगळ्याइचं मिळून. मिरची नको, तिचं तिखट काचेवर बसते, ते मी उत्तरेकडं टाकीन. अन् वाळलं का लगेच काढून घ्याचं. दुपारी घरात लहान लेकरं असतात, त्याइचे पंखे बंद नाही पडले पाहिजे."

पंखे बंद पडणार नव्हतेच. इकडची वीज कमी झाली की तिकडून कोळशाची आपोआप येते, एवढं वामनरावांना झोपेतही ठाऊक होतं आणि एरवी त्यांनी ते अर्धा तास समजावून सांगितलं असतं. त्यांनी कोपऱ्याची सुतळी सोडली, साडीचं एक टोक स्वतः धरलं आणि पुष्पलताबाई दुसरं टोक उचलेपर्यंत ते थांबून राहिले.