मावशीचं जिवंत जहाज

यंदाच्या वर्षावासात एक वेगळंच घडलं. आमच्या हिंगणीच्या बुद्धविहारात पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचन संपलं की मावशीला हात धरून घरी सोडायचं, हेही माझंच काम... तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

एकदा वाटेत तिने विचारलं, "मोबाईलमंदी काय पायत राह्यते वं तू दिवसभर?"

मी एक परदेशी मालिका पाहत होते, हिंदीत डब केलेली. त्यातलं अंतराळयान यंत्र नाही, जिवंत प्राणी आहे... श्वास घेतं, दुखलं की कण्हतं. त्याच्या पोटात राहतात ती कुठेच न सामावणारी माणसं. फौजेतून पळालेला एक शिपाई, राज्य गेलेली एक राणी आणि चार हातांचा एक चोर.

मला ती माणसं फार जवळची वाटायची. डिग्री घेऊन गावात परत आलेल्या मुलीचं काय करायचं, हेही कुणाला नीट कळत नाही...

मी सहज सांगायला लागले आणि मावशी तिच्या घराच्या ओट्यावर टेकली ती उठेचना. "चार हात? मंग कापूस येचाले पाठव त्याले. बसून काय खाते?"

मग ते रोजचंच झालं. आधी विहार, मग ओटा, मग अंतराळ... समोर बोरच्या जंगलाची काळी रेघ, वर ढग फाटले की एखादा तारा. मावशीला तारे दिसत नव्हते, पण ती मान वर करूनच ऐकायची.

तिच्यासाठी ते जहाज पहिल्या दिवसापासून 'ती' होती. आणि तिचे प्रश्न मालिका लिहिणाऱ्यांनाही सुचले नसतील. "येवढा मोठा जीव, पाणी कुठं पेत असन?" मग तिनेच ठरवून टाकलं... बोर धरणावर. पहाटे उतरते, कोणी पाहायच्या आत पिऊन जाते.

दुसऱ्या दिवशी मी धरणावरून जात होते. पाणी जरासं उतरल्यासारखं वाटलं... आणि क्षणभर मला खरंच वाटलं, काल ती येऊन गेली.

मालिका तर अर्ध्यातच बंद पडलेली होती. पुढचे भाग मी माझ्या मनाने रचत होते, आणि मावशीला त्याचं काही नव्हतं.

त्याच सुमारास राहुलदादाचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा, नागपूरहून फोन आला. ऑपरेशनसाठी नाव नोंदवलंय, मंगळवारी घेऊन ये. मी लगेच ऑटो सांगितला, तिची पिशवी भरून ठेवली. आपण शिकलोय तर हे करायलाच हवं, असं मनापासून वाटत होतं. मावशी एवढंच म्हणाली, "मी नाई येत."

समजावून झालं, रुसून झालं. शेवटी वाटलं, गोष्टीतूनच सांगावं. त्या संध्याकाळी माझ्या जहाजाच्या डोळ्यांवर धुकं साचलं. चोर म्हणाला, मी चार हातांनी अलगद साफ करतो, पण जहाज घाबरलं...

मावशी खुदकन हसली. "जहाजाले मोतीबिंदू झाला का वं? मले येडी समजते?"

मी ओशाळले. मग ती हळूच म्हणाली, "आता धुकं तरी दिसते, प्रज्ञे. त्याच्यात तू येतानी दिसते. थे बी गेलं तं?"

'काही होत नाही गं' हे वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. मला तरी काय माहीत होतं? समोर बेडकं ओरडत होती.

मग गोष्ट तिनेच उचलली. "मंग? शिपाई काय म्हणे? राणी काय म्हणे?"

मी म्हटलं, सगळे म्हणाले, साफ करायलाच पाहिजे.

"अन् तिले कोणी इचारलं?"

"कोणाले?"

"जहाजाले वं! डोये तिचे, अन् पोटात बसून हे तिघं ठरवून राह्यले."

दादाने ठरवलं होतं, मी ठरवलं होतं. ऑटोवाल्यालासुद्धा दिवस माहीत होता... मावशीला मात्र आम्ही फक्त कळवलं होतं.

मी विचारलं, "मावशी, तुले करायचं हाय का?"

तिने मान वर केली, गोष्ट ऐकताना करायची तशी.

"करतो. पण मंगळवारी नाई. वर्षावास होऊ दे. समारोपाची खीर दरसाल मीच करतो, थे झाली का चाल. अन् आत नेतपर्यंत हात सोडू नोको."

दादा फोनवर चिडला. मी शांतपणे सांगितलं, दिवस मावशी ठरवेल. तोही थोड्या वेळाने निवळला, "बरं, मी सुट्टी टाकतो" म्हणाला.

समारोपाला खीर झाली. वाफेत उभी राहून मावशी वासावरून साखर सांगत होती. मग ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. दारापर्यंत तिची बोटं माझ्या हातात होती... बाहेरच्या बाकावर मला एकही गोष्ट सुचली नाही.

पट्टी निघाली तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. आणि म्हणाली, "केवढी वाळली वं तू!" दादा हसता हसता रडला.

घरी आल्यावर मी मोठ्या हौसेने मोबाईलवर जहाज दाखवलं. तिने ते जवळून पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि मोबाईल परत दिला.

"हे नाई. आपली मोठी होती."

दुसऱ्या डोळ्याचं कधी, ते तीच सांगेल. आम्ही वाट बघतोय... तुझ्या त्या मोठ्या जहाजात मलाही जागा दिलीस, मावशी, त्यासाठी थँक्यू.