रस्त्याच्या पोटातलं घर

नव्या रस्त्यात कोणाची घरं जाणार याची यादी भूसंपादन कार्यालयाच्या भिंतीवर लागली, तेव्हा मावशीचं नाव तिच्यात नव्हतं. माझ्या आईची ही धाकटी बहीण सिन्नरजवळच्या वस्तीत एकटी राहते. "वाचले गं बाई!" म्हणत तिनं घराला रंग द्यायला घेतला. शेजाऱ्याची पडवी यादीत होती. त्याला तिनं चिडवलं, "जाऊ दे पडवी, माझ्या दारात येऊन बस."

मला ते पटेना. संघटनेची पत्रकं वाटता वाटता एवढं शिकलेय, की सरकारी कागद आपल्या बाजूनं बोलला की तो पुन्हा वाचायचा.

हरकतीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. इंदिरानगरच्या माझ्या खोलीत लॅपटॉप उघडला. रस्त्याचा पट्टा आणि मोजणीत काढलेले घरांचे आकार आम्ही माहितीच्या अधिकारात भांडून मिळवले होते. ते डेटाबेसमध्ये घातले आणि विचारलं, कोणती घरं रस्त्याशी ओव्हरलॅप होतात? हुबेहूब भिंतीवरचीच यादी आली. मावशी नाही. जीव भांड्यात पडला. मग नकाशा पाहिला. तिचं घर पट्ट्याच्या मधोमध होतं.

डेटाबेसच्या भाषेत ओव्हरलॅप म्हणजे थोडं आत, थोडं बाहेर. आख्खं आत गेलेलं घर त्यात धरत नाहीत. कार्यालयातही कोणीतरी हाच प्रश्न विचारला असणार. मी तो बदलला: पट्ट्यात जरासुद्धा जागा जाते, अशी सगळी घरं दे. यादी लांबली. मावशी आली, तिच्या मागची आळी आली. ज्यांचा कोपरा जातो त्यांची दखल, ज्यांचं सगळं जातं ते यादीतूनही आणि भरपाईतूनही गायब! यादीवर सही करणाऱ्याला एकदा नकाशा उघडता आला नाही?

लगेच मावशीला फोन लावला.

"मावशी, रंग थांबव."

"का गं? निळा आवडत नाय तुला?"

"तुझं आख्खं घर रस्त्यात आहे. म्हणूनच नाव नाही."

ब्रश डब्यात टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कोपरा गेला असता तर नाव लागलं असतं?"

"हो."

"लय हुशार लोक हायेत."

सकाळी ती जीपनं आली. नखांत निळा रंग. कार्यालयाच्या खिडकीतला बाबू म्हणाला, "यादीत नाव नाही, मग हरकत कशाची?"

मी नकाशा पुढे करेपर्यंत मावशीनं अर्ज आत सरकवला. "नाव नाय, हीच हरकत हाय, साहेब. घ्या."

तो अर्ज घेऊन आत गेला. पोच मिळाली नव्हती. मागे रांग कुरकुरत होती, आणि आम्ही दोघी खिडकी सोडत नव्हतो.