पाटावरचा टॉर्क रेंच

झेंडूचा आणि ग्रीसचा वास एकत्र आला की आजही मला ती टॅक्सी आठवते. लालबागच्या आमच्या गॅरेजात खंडेनवमीची पूजा नुकतीच आटोपली होती. पाने, जॅक, टॉर्क रेंच, सगळं हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं. दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही वडिलांची शिस्त. तेवढ्यात समोरच्या चाळीतला टॅक्सीवाला आला. पुढचं चाक पंक्चर, मागच्या सीटवर बायको आणि तान्ही मुलगी, गावाला निघालेले. त्याच्याच डिकीतल्या जॅकने आणि पान्याने मी स्टेपनी चढवली आणि नट अंदाजाने आवळले. एरवी टॉर्क रेंच ठरलेल्या जोराला पोचून टिक वाजल्याशिवाय मी चाक सोडत नाही. "झालं ना नीट?" त्याने विचारलं. "एकदम टाईट आहे, जा बिनधास्त," मी म्हणालो. तासाभराने त्याचा फोन आला. "दादा, पुढून टकटक आवाज येतोय. खड्ड्यांमुळे असेल ना? घेऊ का तशीच पुढे?" "थांबव. आहेस तिथेच बाजूला घे, आधी मुलीला खाली उतरव." दार उघडल्याचा आवाज आला, मग ट्रकांच्या घरघरीत तो चाक चाचपत असल्याची खुडबुड. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, दोन नट नाहीतच. बाकीचे बोटांनी फिरतायत." टॉर्क रेंच समोरच फुलांखाली पडून होता. आता पूजा मी मांडतो. टॉर्क रेंचलाही हळदकुंकू लावतो, पण पाटावर ठेवत नाही.